अमेरिकेच्या कायद्यांचा इतिहास शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या स्थलांतर आणि नागरिकत्व कायद्यांवर काम करणारे विद्यार्थी, घराण्याचा इतिहास लिहिणारे हौशी संशोधक आणि कायद्याचे अध्यापक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बहुतेक एकाच विषयातून घेतली आहेत : भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व नाकारणारे आणि पुढे खुले करणारे कायदे. एकच धागा सर्व साधनांतून ओढत नेला की कोणते साधन काय सांगते आणि काय सांगत नाही, हे लवकर लक्षात येते.

शोधाची सुरुवात कोठून करावी?

सुरुवात ग्रंथालयातून किंवा संकेतस्थळावरून होत नाही, ती प्रश्नाच्या मांडणीतून होते. 'अमुक तारखेला कायदा काय होता?' हा एक प्रश्न आहे आणि 'तो कायदा तसा का झाला?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अधिनियमाच्या मूळ मजकुरात, संहितेत आणि न्यायनिर्णयांत असते, तर दुसऱ्याचे उत्तर विधेयकांच्या मसुद्यांत, समित्यांच्या अहवालांत, सुनावण्यांत, सभागृहातील चर्चेत आणि बऱ्याचदा छापल्या न गेलेल्या पत्रव्यवहारात असते. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की संशोधक एखाद्या सदस्याच्या भाषणालाच कायदा समजून बसतो. या विषयावरच्या लेखनात मला सर्वांत जास्त वेळा आढळणारी चूक हीच आहे.

'६० स्टॅट. ४१६' अशा संदर्भाचा अर्थ काय?

'स्टॅट.' म्हणजे 'स्टॅट्यूट्स ॲट लार्ज', काँग्रेसने (म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या अमेरिकेच्या संसदेने) संमत केलेल्या सर्व अधिनियमांची कालक्रमानुसार छापलेली मालिका. आधीचा आकडा खंडाचा आणि नंतरचा पृष्ठाचा. वरील संदर्भ २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी स्वाक्षरी केलेल्या ल्यूस-सेलर कायद्याचा आहे. या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वासाठी पात्र ठरवले आणि भारतासाठी वर्षाला १०० स्थलांतरितांचा कोटा ठेवला.

हे पान उघडल्यावर मजकुराइतकेच लक्ष समासाकडे द्यावे. समासात संमतीची तारीख, विधेयकाचा क्रमांक (येथे प्रतिनिधिगृहाचे विधेयक ३५१७), सार्वजनिक कायदा म्हणून मिळालेला क्रमांक (४८३) आणि ज्या आधीच्या कायद्यांत बदल केला त्यांचे खंड व पृष्ठ बारीक टाइपात दिलेले असतात. पुढचा सगळा शोध या चार तपशिलांवर उभा राहतो. विधेयकाच्या क्रमांकावरून समितीचा अहवाल आणि चर्चा सापडते, तर आधीच्या कायद्यांच्या उल्लेखावरून मागे मागे जाता येते. १९४६ वरून १९१७ च्या 'निषिद्ध आशियाई क्षेत्र' ठरवणाऱ्या कायद्यापर्यंत (३९ स्टॅट. ८७४) आणि तेथून थेट १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यापर्यंत (१ स्टॅट. १०३) अशी वाट निघते. 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' ही अट १७९० च्या त्या कायद्यातच घातली गेली होती.

या मालिकेचे प्रकाशन १८४५ मध्ये काँग्रेसच्या संमतीने लिटल, ब्राउन अँड कंपनी या खाजगी प्रकाशनसंस्थेने सुरू केले आणि १८७४ पासून ते सरकारी मुद्रणालयाकडे आले. त्यामुळे १७८९ पासूनचे आरंभीचे खंड मागाहून संकलित केलेले आहेत. सहाव्या खंडात खाजगी कायदे, सातव्यात मूलनिवासी जमातींशी झालेले करार आणि आठव्यात परराष्ट्रांशी झालेले करार आहेत, हेही लक्षात ठेवावे, नाही तर खंडक्रम आणि कालक्रम यांचा मेळ बसत नाही.

काँग्रेसचा क्रमांक दिला असेल तर वर्ष कसे काढावे?

प्रत्येक काँग्रेस दोन वर्षांची असते आणि तिला क्रमाने आकडा दिलेला असतो. त्या क्रमांकाची दुप्पट करून त्यात १७८७ मिळवावेत. ७९ व्या काँग्रेससाठी १५८ अधिक १७८७ म्हणजे १९४५, हे तिचे आरंभवर्ष. विसाव्या घटनादुरुस्तीपूर्वी (१९३३) नवी काँग्रेस ३ जानेवारीऐवजी ४ मार्चला सुरू होत असे. म्हणून फेब्रुवारी १९१७ मधला कायदा १९१५ मध्ये सुरू झालेल्या ६४ व्या काँग्रेसचा आहे.

आजची संहिता संगणकावर सहज मिळते, मग जुने खंड कशासाठी पाहायचे?

संहिता आजचा कायदा विषयवार सांगते. जे कलम रद्द झाले ते तिच्यातून निघून जाते आणि जे बदलले त्याचे जुने शब्द फक्त टीपांमधून सूचित होतात. 'युनायटेड स्टेट्स कोड' प्रथम १९२६ मध्ये आले. त्यापूर्वीची एकमेव अधिकृत संहिता म्हणजे १ डिसेंबर १८७३ रोजी अमलात असलेले कायदे एकत्र करणारी 'रिव्हाइज्ड स्टॅट्यूट्स' आणि तिची १८७८ मधील दुसरी आवृत्ती.

आणखी एक बारकावा आहे. संहितेतील सुमारे निम्मी शीर्षकेच (म्हणजे विषयवार विभागच) काँग्रेसने स्वतंत्र कायदा म्हणून संमत केलेली आहेत. उरलेल्या शीर्षकांबाबत संहितेचा मजकूर आणि 'स्टॅट्यूट्स ॲट लार्ज'चा मजकूर यांत फरक पडला, तर दुसरा ग्राह्य धरला जातो. परकीय नागरिक आणि राष्ट्रीयत्व यांविषयीचे आठवे शीर्षक या उरलेल्यांतच मोडते. त्यामुळे स्थलांतराच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने संहितेवर थांबणे योग्य नाही. संहितेच्या प्रत्येक कलमाखाली मूळ अधिनियमांची यादी कंसात दिलेली असते, तिचा उपयोग वाटाड्यासारखा करावा आणि मूळ पानापर्यंत जावे.

काँग्रेसमधील चर्चा कोठे वाचायला मिळतात आणि त्यांवर किती विसंबावे?

चर्चांच्या चार मालिका आहेत आणि त्या एकाच प्रकारच्या नाहीत. १७८९ ते १८२४ या काळासाठी 'ॲनल्स ऑफ काँग्रेस', १८२४ ते १८३७ साठी 'रजिस्टर ऑफ डिबेट्स', १८३३ ते १८७३ साठी 'काँग्रेशनल ग्लोब' आणि १८७३ पासून आजपर्यंत 'काँग्रेशनल रेकॉर्ड'.

'ॲनल्स' वाचताना असे वाटते की कोणी तरी सभागृहात बसून शब्द न् शब्द उतरवून घेतला आहे. वास्तविक ही मालिका १८३४ ते १८५६ या काळात, म्हणजे घटनांनंतर कित्येक दशकांनी, प्रामुख्याने वृत्तपत्रांतील वृत्तान्तांवरून जुळवण्यात आली. सिनेटचे कामकाज तर पहिली काही वर्षे बंद दाराआड चालत असे, त्यामुळे त्या काळातील सिनेटची चर्चा 'ॲनल्स'मध्ये त्रोटक आहे आणि सदस्यांच्या खाजगी रोजनिशा व पत्रे यांचा आधार घ्यावा लागतो. 'ग्लोब'चे आरंभीचे खंडही सारांशरूप आहेत आणि शब्दशः वृत्तान्ताच्या जवळ जाणारा मजकूर १८५० नंतरच्या खंडांत मिळतो. सुदैवाने जन्माने नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीची १८६६ मधील चर्चा या नंतरच्या काळात येते आणि ३९ व्या काँग्रेसच्या खंडांत ती सविस्तर आहे. ज्यांना नागरिकत्वाच्या कल्पनेचा उगम शोधायचा आहे, त्यांनी ही पाने उताऱ्यांतून न वाचता सलग वाचावीत, कारण एका सदस्याचे उद्गार आधी बोललेल्याला उत्तर म्हणून आलेले असतात आणि संदर्भ तुटला की त्यांचा अर्थ उलटाही निघू शकतो.

'काँग्रेशनल रेकॉर्ड'मध्येही सदस्यांना आपले भाषण छापण्यापूर्वी सुधारण्याची आणि वाढवण्याची मुभा असते. प्रत्यक्ष न बोललेला मजकूर वेगळ्या खुणेने दाखवण्याची पद्धत १९७८ मध्ये सुरू झाली, म्हणजे त्याआधीच्या खंडांत बोललेले कोणते आणि नंतर जोडलेले कोणते, हे पानावरून ओळखता येत नाही. शिवाय दैनिक आवृत्ती आणि बांधीव आवृत्ती यांचे पृष्ठक्रमांक वेगळे असतात, म्हणून टीप देताना कोणती आवृत्ती वापरली ते लिहावे. ल्यूस-सेलर विधेयकाची चर्चा ९१ व्या (१९४५) आणि ९२ व्या (१९४६) खंडांत शोधावी.

सभागृहांचे इतिवृत्त यापेक्षा वेगळे असते. राज्यघटनेनेच दोन्ही सभागृहांना ते ठेवण्यास बांधले आहे. त्यात भाषणे नसतात, पण प्रस्ताव, उपसूचना आणि मतदान यांची नोंद असते. कोण काय बोलले याबद्दल वाद असला, तरी कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे येथे पक्के कळते.

समित्यांचे अहवाल आणि सुनावण्या यांत फरक काय?

अहवाल म्हणजे विधेयक सभागृहाकडे पाठवताना समितीने दिलेले स्पष्टीकरण. कायद्यामागील हेतू ठरवताना न्यायालये आणि इतिहासकार भाषणांपेक्षा त्याला अधिक वजन देतात. असे अहवाल १८१७ पासून 'सीरियल सेट' नावाच्या प्रचंड मालिकेत बांधलेले आहेत, तर त्यापूर्वीची कागदपत्रे 'अमेरिकन स्टेट पेपर्स'च्या ३८ खंडांत आहेत. या मालिकेत कायद्यांबरोबरच भूसर्वेक्षणे, वाणिज्यदूतांची पत्रे आणि खात्यांचे वार्षिक अहवालही येतात. वाचायला घेतले की दिवस कसा संपतो ते कळत नाही, म्हणून विषय सोडून न भटकण्याची शिस्त येथे बाळगावी लागते.

सुनावणी म्हणजे साक्षीदारांचे जबाब. त्यांत बाहेरच्या लोकांचा आवाज ऐकू येतो आणि माझ्या मते कायद्याच्या इतिहासातील सर्वांत जिवंत साधन हेच आहे. मार्च १९४५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर व नागरिकत्व समितीपुढे भारतीयांच्या प्रश्नावर सुनावणी झाली. अमेरिकेतील भारतीय आपल्या हक्कांची बाजू कशी मांडत होते आणि विरोधकांना नेमकी भीती कशाची होती, हे त्या जबाबांतून जितके समजते तितके अधिनियमाच्या कोरड्या मजकुरातून कधीही समजणार नाही. मात्र सर्व सुनावण्या छापल्या गेल्या नाहीत आणि ज्या छापल्या त्या 'सीरियल सेट'मध्ये बहुधा नसतात. ग्रंथालयाच्या सूचीत त्या समितीच्या नावाखाली स्वतंत्र पुस्तकासारख्या नोंदलेल्या असतात.

शब्द घालून शोधले तरी काहीच सापडत नाही. काय चुकते?

बहुतेक वेळा आपण आजचा शब्द वापरतो आणि कागदात त्या काळचा शब्द असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन कागदपत्रांत भारतातून आलेल्या प्रत्येक माणसाला, मग तो शीख असो, मुसलमान असो वा हिंदू, 'हिंदू' असेच म्हटलेले आहे. त्याचेही इंग्रजीत दोन प्रकारचे स्पेलिंग आढळते : एक शेवटी 'यू' असलेले आणि एक शेवटी दुहेरी 'ओ' असलेले. दोन्ही शोधावीत. 'ईस्ट इंडियन' हा शब्दही चालत असे. नुसते 'इंडियन' शोधले तर मूलनिवासी जमातींविषयीचे हजारो निकाल येतात. काँग्रेसलाही हा घोटाळा टाळावा लागला होता. वर सांगितलेल्या १९४५ च्या सुनावणीच्या शीर्षकात 'पूर्व गोलार्धातील इंडियन' असा शब्दप्रयोग केला आहे. हे माहीत नसेल तर ती सुनावणी सूचीत समोर असूनही डोळ्यांतून सुटते.

नावांचेही तसेच. आपल्याकडची आडनावे कारकुनाने कानाला जशी वाटली तशी लिहिलेली असतात आणि कधी वडिलांचे नावच आडनाव म्हणून नोंदले जाते. एका नावाची चार-पाच संभाव्य रूपे आधी कागदावर लिहून घ्यावीत आणि मग शोधाला बसावे.

अठराव्या शतकातील छपाईत आणखी एक अडचण आहे. त्या काळी इंग्रजी 'एस' हे अक्षर शब्दाच्या मध्ये लांबट आकाराने छापत आणि संगणक ते 'एफ' असे वाचतो. त्यामुळे 'काँग्रेस' हा साधा शब्दही 'काँग्रेफ्स' होऊन बसतो. अशा ग्रंथांसाठी शब्दशोधावर भरवसा न ठेवता छापील अनुक्रमणिका उलगडून पाहावी.

संमत न झालेली विधेयके मिळतात का?

मिळतात, आणि ती अवश्य पाहावीत, कारण फसलेल्या प्रयत्नांवरून संमत झालेल्या कायद्याची किंमत कळते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जुन्या संग्रहात प्रतिनिधिगृहाची विधेयके १७९९ पासून आणि सिनेटची १८१९ पासून, दोन्ही १८७३ पर्यंत, पाहता येतात. १९९३ नंतरची विधेयके 'गव्हइन्फो' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. मधल्या शतकाहून अधिक काळासाठी मोठी ग्रंथालये किंवा वर्गणीचे संग्रह गाठावे लागतात.

न्यायनिर्णयांचा शोध कसा घ्यावा?

संदर्भाची पद्धत तीच : खंड, मालिका, पृष्ठ. नागरिकत्व मागणारे भारतीय स्थलांतरित भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा १९ फेब्रुवारी १९२३ चा निकाल '२६१ यू. एस. २०४' येथे आहे ('यू. एस.' म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची 'युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्स' ही मालिका). भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने या निकालात ठरवले आणि त्याआधारे सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही रद्द करण्याचे दावे लावले. सर्वोच्च न्यायालयाचे आरंभीचे ९० खंड डॅलस, क्रँच, व्हीटन, पीटर्स, हॉवर्ड, ब्लॅक आणि वॉलेस या वृत्तान्तकारांच्या नावांनी ओळखले जातात. डॅलस यांचा पहिला खंड मालिकेत पहिला असला तरी त्यात पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयांचे निकाल आहेत.

सर्वोच्च न्यायालयावरच मात्र थांबू नये. थिंड निकालानंतर काय झाले याची खरी कथा खालच्या संघीय न्यायालयांत आहे आणि ती 'फेडरल रिपोर्टर'मध्ये (संदर्भात 'एफ.', दुसरी मालिका 'एफ. २डी') सापडते. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांचे नागरिकत्व रद्द करण्याचा सरकारचा प्रयत्न १९२६ मध्ये अपील न्यायालयात फसला ('१५ एफ. २डी २८५'). जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंते शंकर लक्ष्मण गोखले यांचा खटला '२६ एफ. २डी ३६०' येथे आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा १९२८ चा आदेश '२७८ यू. एस. ६६२' येथे आहे. थिंड यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण या दोन खटल्यांपर्यंत फार थोडे लोक पोहोचतात. मराठी वाचकांसाठी ते कोणी तरी सविस्तर लिहावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हे सर्व निकाल आज विनामूल्य वाचता येतात. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील निकालांचे खंड पानापानाने स्कॅन केले. सुमारे ४ कोटी पानांचा हा 'केसलॉ ॲक्सेस प्रोजेक्ट' असून 'कोर्टलिसनर' या संकेतस्थळावरूनही तो शोधता येतो.

सरकारी खात्यांचे जुने नियम आणि राष्ट्राध्यक्षांचे आदेश कोठे असतात?

१४ मार्च १९३६ पासून ते 'फेडरल रजिस्टर'मध्ये रोज छापले जातात. त्याआधी असे एकच ठिकाण नव्हते, आणि ते निर्माण होण्यामागे एक गंभीर प्रसंग आहे. तेलउत्पादनावरील निर्बंधांविषयीचा 'पनामा रिफायनिंग' खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्यावर असे उघड झाले की ज्या तरतुदीच्या आधारे फौजदारी कारवाई सुरू केली होती, ती तरतूदच आदेशात दुरुस्ती करताना नकळत गळून पडली होती आणि त्याचा पत्ता ना सरकारी वकिलांना होता ना कंपन्यांना. १९३५ मध्येच 'फेडरल रजिस्टर ॲक्ट' संमत झाला. १९३६ पूर्वीच्या नियमांसाठी संबंधित खात्याच्या परिपत्रकांचे संच, वार्षिक अहवाल आणि राष्ट्रीय अभिलेखागारातील धारिका पाहाव्या लागतात.

राज्यांच्या कायद्यांचे काय?

येथे पुष्कळ जण कमी पडतात. विवाह, जमीन, वारसा, शाळा हे विषय प्रामुख्याने राज्यांकडे आहेत. कॅलिफोर्नियाचा १९१३ चा, नागरिकत्वास अपात्र परकीयांच्या जमीनधारणेविषयीचा कायदा वॉशिंग्टनच्या कागदांत शोधून सापडणार नाही, तो त्या राज्याच्या अधिवेशन-कायद्यांच्या खंडात आहे. थिंड निकालानंतर हा कायदा भारतीय शेतकऱ्यांनाही लागू झाला, म्हणून दोन्ही पातळ्या एकत्र वाचाव्या लागतात. भाषेचाही विचार करावा : लुइझियानाच्या जुन्या दिवाणी संहिता फ्रेंचमध्ये आहेत, आणि कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेने कायदे स्पॅनिशमध्येही प्रसिद्ध करण्यास सांगितले होते. राज्यांच्या विधानमंडळांतील चर्चांचे शब्दशः वृत्तान्त मात्र क्वचितच मिळतात. त्यांची उणीव स्थानिक वृत्तपत्रे भरून काढतात आणि त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह उपयोगी आहे.

न छापलेले कागद पाहता येतात का?

काँग्रेसच्या समित्यांचे मूळ दप्तर वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात असते. सिनेटसाठी अभिलेखगट ४६ आणि प्रतिनिधिगृहासाठी २३३ असे क्रमांक मागणीपत्रात लिहावे लागतात. सिनेटचे बहुतेक कागद २० वर्षांनी आणि प्रतिनिधिगृहाचे ३० वर्षांनी खुले होतात, तर व्यक्तिगत किंवा संवेदनशील कागदांना ५० वर्षांची मुदत आहे. नागरिकांनी केलेले अर्ज आणि विनंत्याही याच दप्तरात असतात. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने कॅपिटॉलला आग लावली तेव्हा प्रतिनिधिगृहाचे बरेच आरंभीचे कागद नष्ट झाले, हे त्या काळावर काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. विसाव्या शतकातील कायद्यांसाठी संबंधित राष्ट्राध्यक्षाच्या ग्रंथालयातील स्वाक्षरीपूर्व धारिका पाहाव्यात, कारण विधेयकावर सही करावी की नाही याबाबत खात्यांनी दिलेले अभिप्राय त्यांत असतात.

हे सगळे पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत बसून करता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. अमेरिकेच्या संघसरकारच्या प्रकाशनांवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो आणि न्यायालयाच्या निकालांवर कोणाचाही मालकीहक्क असू शकत नाही, हे १८३४ च्या 'व्हीटन विरुद्ध पीटर्स' या खटल्यापासून ठरलेले आहे. त्यामुळे लायब्ररी ऑफ काँग्रेस, गव्हइन्फो आणि इंटरनेट अर्काइव्ह येथे छापील साहित्याचा फार मोठा भाग विनामूल्य मिळतो. भारतीय स्थलांतरितांची पत्रे, छायाचित्रे आणि कात्रणे 'साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह'मध्ये आहेत. 'हाइनऑनलाइन'सारख्या वर्गणीच्या संग्रहासाठी आपल्या विद्यापीठाच्या किंवा विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना आधी विचारावे. वर्गणी असूनही विद्यार्थ्यांना तिची कल्पना नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे विधी ग्रंथपाल परदेशातून आलेल्या लेखी प्रश्नांनाही उत्तर देतात. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर उपयोगी येते : 'भारतीयांविषयीचे कायदे हवे आहेत' असे न लिहिता विधेयकाचा क्रमांक, काँग्रेस आणि आपण आतापर्यंत पाहिलेले खंड कळवावेत.

मराठी प्रबंधात संदर्भ कसा द्यावा?

अधिनियमाचे नाव मराठीत भाषांतरित करून लिहायला हरकत नाही, पण टीपेत मूळ नावाचे लिप्यंतर, तारीख, खंड आणि पृष्ठ हे चारही द्यावेत. मजकूर स्कॅन केलेल्या प्रतीवरून घेतला असेल तर संगणकाने ओळखलेली अक्षरे उचलू नयेत, पानाचे चित्र पाहून शब्द ताडून घ्यावेत. कायद्याच्या भाषेत एखादे 'किंवा' 'आणि' झाले तरी तरतूद बदलते. 'हिंदू', 'गोरा', 'वंश' असे शब्द त्या काळच्या कागदांत ज्या अर्थाने आले आहेत ते अवतरणचिन्हांत ठेवावेत आणि पहिल्याच उल्लेखाच्या वेळी तो अर्थ वाचकाला सांगावा.